त्वचेचा रोग की सर्वांगाचा दाह?

या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ज्यांचे नाव आहे त्या गुरुजींचा उजवा हात जवळून पाहिलेले माझ्यासारखे विद्यार्थी आता फार थोडे उरले आहेत. इंदूरच्या ऐन उन्हाळ्यातही ते पूर्ण बाह्यांचा सदरा घालीत आणि मनगटाची गुंडी कधी सोडीत नसत. फळ्याच्या वरच्या ओळीत लिहिताना बाही थोडी खाली घसरे, तेव्हा कोपरापाशी लालसर चट्टा दिसे आणि त्यावर अभ्रकाच्या पत्र्यासारखे चमकणारे पांढरे पापुद्रे दिसत. थंडीत हे चट्टे वाढत, अंगरख्यावर कोंडा पडे. शारदोत्सवाचा प्रसाद त्यांच्या हातून घेऊ नये असे काही घरांतून मुलांना बजावले जाई. आमच्याही घरातून बजावले गेले होते, हे येथे कबूल केले पाहिजे.

पुढे त्यांची बोटे सुजू लागली. दोन बोटे तर पेरापुरती न सुजता मुळापासून टोकापर्यंत सारखी फुगली, आणि खडू धरणे अवघड झाले. कातडीसाठी एका वैद्यांचे मलम चालू होते, सांध्यांसाठी दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्या होत्या, आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. त्वचा, सांधे आणि हृदय ही तीन दुखणी तीन निरनिराळ्या खात्यांत जमा झाली. त्यांत काही नाते असू शकेल ही शंका त्या काळी कोणाच्याही मनात आली नाही, आणि येण्यासारखी परिस्थितीही नव्हती. त्यांच्या कन्येला विचारून, तिच्या संमतीनेच हे लिहीत आहे. व्याख्यानाचा विषय ठरविताना ती म्हणाली, "बाबांविषयी बोलायचेच असेल तर त्यांच्या बाहीविषयी बोला."

मी आयुष्यभर मराठी भाषा शिकविली. वैद्यकातला माझा अधिकार शून्य आहे. जे पुढे मांडतो ते वाचनातून आणि त्वचारोगतज्ज्ञांशी झालेल्या बोलण्यातून जमविलेले आहे. शब्दांपुरते मात्र थोडे अधिकाराने बोलू शकेन, आणि या विषयात शब्दांनी केलेला घोटाळा लहान नाही. म्हणून आरंभ तेथून करतो.

गुरुजींना जो रोग होता त्याला आज आपण सोरायसिस म्हणतो. आमच्या माळव्यात हिंदी बोलणारे शेजारी त्याला 'अपरस' म्हणतात. मराठीत खरजेला, नायट्याला, इसबाला स्वतंत्र घरगुती नावे आहेत. सोरायसिसला सर्वमान्य असे नाव नाही. नाव नसलेला रोग मग शेजारच्या नावाच्या घरात राहावयास जातो. प्राचीन वैद्यकात 'कुष्ठ' हा शब्द त्वचेच्या विकारांचा फार मोठा वर्ग दाखवी. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार आहेत, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. या अकरांतील 'एककुष्ठ' हा प्रकार पाहावा: घाम न येणारा, अंगाची मोठी जागा व्यापणारा, माशाच्या खवल्यांसारखा दिसणारा. आजचे अनेक वैद्य यात किंवा 'किटिभ' या प्रकारात सोरायसिस ओळखतात. पुढे 'कुष्ठ' या शब्दाचा अर्थ आकुंचित होत गेला. त्यापासून हिंदीत 'कोढ' झाला, तो महारोगाचा वाचक ठरला. मराठीत त्याच शब्दाचा 'कोड' झाला आणि तो पांढऱ्या डागांसाठी रूढ झाला. कोड संसर्गजन्य नाही, महारोगाशी त्याचा संबंध नाही, तरीही व्युत्पत्तीचे भूत मानेवर बसलेलेच आहे. मराठी घर आणि हिंदी शेजार असलेल्या आमच्यासारख्या गावात तर एकाच चट्ट्याला दोन भाषांतून दोन वेगळ्या भीती चिकटतात.

युरोपातही याहून निराळे घडले नाही. लंडनचे रॉबर्ट विलन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस त्वचारोगांचे पद्धतशीर वर्गीकरण आरंभिले आणि या रोगाचे चांगले वर्णन केले. पण त्यांच्या परिभाषेत 'लेप्रा' हा शब्द त्याच्याशी गुंतलेलाच राहिला. १८४१ मध्ये व्हिएन्नाचे फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी हा गुंता सोडविला आणि सोरायसिस हा महारोगाहून पूर्णपणे वेगळा रोग म्हणून उभा केला. हे ज्ञान आमच्या शाळेच्या प्रसादाच्या रांगेपर्यंत सव्वाशे वर्षांतही पोचले नव्हते. सोरायसिस स्पर्शाने लागत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही, एका पाण्यात पोहल्याने लागत नाही.

आता दुसरा शब्द, 'दाह'. इंग्रजी वैद्यकातील इन्फ्लमेशन या कल्पनेसाठी मराठीत कोणी 'शोथ' म्हणतात, कोणी 'दाहयुक्त सूज', तर कोणी नुसतेच 'दाह'. मला शेवटचा शब्द आवडतो, कारण त्यात आग आहे. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने या अवस्थेची चार लक्षणे सांगितली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. बोटात काटा मोडला की ही चारही लक्षणे आपण तासाभरात अनुभवतो. काट्याबरोबर आलेल्या जंतूंचा समाचार घेण्यासाठी रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धाव घेतात, आणि काम झाले की आग विझते. हा दाह आपला रक्षक आहे. तो नसता तर काट्यानेही माणूस दगावला असता.

प्रश्न येतो तो न विझणाऱ्या आगीचा. काटा नाही, जंतू नाही, तरीही शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच घराला शत्रूचे घर समजून चुलीत लाकडे सारीत राहते. अशा दाहात सेल्ससची चारही लक्षणे उघडपणे दिसतीलच असे नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात मंद दाह वर्षानुवर्षे धुमसला तर बाहेर लाली दिसत नाही आणि आत वेदना होत नाही. त्वचेवरचा दाह दिसतो एवढाच फरक. सोरायसिसचा चट्टा म्हणजे या आगीची बाहेरून दिसणारी खिडकी होय.

त्या खिडकीत काय चालते ते थोडे पाहू. आपल्या त्वचेचा वरचा थर सतत नवा होत असतो. तळाशी जन्मलेली पेशी हळूहळू वर सरकते, चपटी होते, निर्जीव होते आणि नकळत गळून पडते. या प्रवासास साधारणपणे महिनाभर लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात तोच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. अर्धकच्च्या पेशींचे थर एकमेकांवर साचतात, त्यांचा पापुद्रा होतो. खाली रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, म्हणून चट्टा लाल दिसतो (गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर तो जांभळट किंवा काळपट दिसतो आणि त्यामुळे अनेकदा ओळखू येत नाही) आणि पापुद्रा खरवडला की टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब उमटतात. खरवडू नये, हे सांगणे न लगे. ब्रेस्लाउचे हाइनरिख क्योब्नर यांनी १८७२ मध्ये दाखवून दिले की, सोरायसिस झालेल्या माणसाच्या निरोगी त्वचेलाही इजा झाली तर तेथे नवा चट्टा उमटू शकतो. त्यांच्या एका रुग्णाला घोडा चावला त्या जागी आणि गोंदवून घेतले त्या जागीही तो उमटला होता. म्हणजे आजार चट्ट्यापुरता नव्हता. निरोगी दिसणारी त्वचाही आतून सज्जच होती.

हा संकेत असूनही पुढील शंभर वर्षे सोरायसिस हा त्वचेच्या पेशींच्या अतिघाईचा रोग मानला गेला. ही समजूत बदलली ती दोन योगायोगांनी, आणि दोन्ही योगायोग सांध्यांच्या वाटेने आले याचे मला नवल वाटते. १९५१ मध्ये अमेरिकेत संधिवातासाठी अमिनॉप्टेरिन नावाचे औषध वापरून पाहत असता सोरायसिसची त्वचा निवळल्याचे दिसले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आज जगभर वापरले जाते. दुसरी घटना १९७९ ची. मूत्रपिंडरोपणानंतर शरीराने परके इंद्रिय नाकारू नये म्हणून दिले जाणारे सायक्लोस्पोरिन हे औषध सोरायसिससह सांधे धरलेल्या रुग्णांना दिले गेले आणि त्यांचे चट्टे झपाट्याने ओसरले. हे औषध प्रामुख्याने टी-पेशींना, म्हणजे संरक्षक दलातील एका जातीच्या पांढऱ्या पेशींना, आवर घालते. तेव्हा आगीचे मूळ कातडीत शोधण्याऐवजी या दलात शोधले पाहिजे, हे ध्यानी आले. पुढील शोधांतून या पेशींचे निरोप वाहून नेणारी द्रव्ये सापडली: ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, इंटरल्यूकिन-२३, इंटरल्यूकिन-१७. नावे रुक्ष आहेत, पण त्यांचे काम जासुदाचे आहे. एक पेशी दुसरीस सांगते, धावून या. सोरायसिसमध्ये हे जासूद थांबतच नाहीत.

जासूद रक्तात उतरले की त्यांना त्वचेची सीमा राहत नाही. यकृतास निरोप पोचतो आणि ते सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन नावाचे प्रथिन अधिक बनवू लागते. ही वाढ साध्या रक्ततपासणीत मोजता येते. स्नायू आणि चरबी यांच्यावर परिणाम होऊन इन्सुलिनचे काम मंदावते. रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, त्यात मेद आणि पांढऱ्या पेशी साचू लागतात. हृदयविकाराचा आरंभ म्हणतात तो हाच. धमन्या तुंबणे म्हणजे नळात गाळ साचणे, अशी आपली जुनी समजूत आहे. प्रत्यक्षात तोही बराचसा दाहाचाच खेळ आहे.

सर्वांत उघड नाते सांध्यांचे. सोरायसिसच्या रुग्णांपैकी सुमारे तीस टक्क्यांपर्यंत लोकांना पुढे सोरायसिसजन्य संधिदाह होतो, असे निरनिराळ्या पाहण्यांतून दिसते. बहुधा त्वचा आधी बिघडते आणि साधारण दहा वर्षांनी सांधे. त्याची काही चिन्हे फार बोलकी आहेत: नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडणे, टाच दुखणे, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक काळ अंग आखडलेले राहणे, आणि एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सारखे फुगणे. हे शेवटचे वर्णन मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. उपचारास उशीर झाला तर सांध्याची जी झीज होते ती परत भरून येत नाही.

हृदयाचे नाते त्यामानाने उशिरा कळले. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जोएल गेल्फंड आणि त्यांचे सहकारी यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांच्या नोंदींवरून सोरायसिसच्या सुमारे १ लाख ३० हजार रुग्णांची तुलना इतर लाखो लोकांशी केली. वजन, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही सोरायसिसच्या रुग्णांत हृदयविकाराचा झटका अधिक आढळला. तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतील माणसाचा धोका तर सुमारे तिप्पट निघाला. साठीत तो सुमारे सव्वापट ते दीडपट एवढाच राहिला. हे वाचून घाबरून जाऊ नये. तिशीत झटक्याचा धोका मुळातच इतका कमी असतो की त्याची तिप्पटही लहानच राहते. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील नेहल मेहता यांच्या गटाने शर्करेसारखा किरणोत्सारी पदार्थ टोचून शरीराची चित्रे काढली. जेथे दाह असतो तेथे हा पदार्थ अधिक शोषला जातो. सोरायसिसच्या रुग्णांत महाधमनीच्या भिंती अधिक उजळलेल्या दिसल्या.

येथे सावध राहिले पाहिजे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. सोरायसिस असलेल्या माणसाचे सांधे दुखतात, म्हणून तो चालत नाही, लाज वाटते, म्हणून तो मैदानात जात नाही, मन खचते, म्हणून कधी तंबाखू-मद्याकडे वळतो, वजन वाढते. बाण उलट्या दिशेनेही जातो. चरबी ही नुसती साठवण नव्हे, तीही दाहाची द्रव्ये रक्तात सोडते. ब्रिटन व नॉर्वे येथील लोकांच्या जनुकीय माहितीवरून २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासाने असे दाखविले की, वाढलेले वजन सोरायसिसला कारण होते. सोरायसिसमुळे वजन वाढते याला मात्र तसा पुरावा मिळाला नाही.

आग विझविली तर हृदय वाचते काय? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांच्या एका चाचणीत इंटरल्यूकिन-१ या जासुदाला अडविणारे कॅनाकिनुमॅब हे औषध दिले गेले. कोलेस्टेरॉल न घटताही पुढील झटके वगैरे सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी झाले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्गही वाढले. दाहाचा धमन्यांशी संबंध आहे याचा हा भरभक्कम पुरावा. परंतु २०१८ मध्ये सोरायसिसच्याच रुग्णांना अॅडालिमुमॅब देऊन महाधमनीचा दाह मोजला, तेव्हा औषधी द्रव्य नसलेल्या सुईच्या तुलनेत तो घटलेला आढळला नाही. त्वचा मात्र सुधारली होती. म्हणजे चट्टे गेले म्हणून हृदय सुरक्षित झाले, असे आज छातीठोकपणे म्हणता येत नाही. गुरुजींचे हृदय त्यांच्या त्वचेमुळे थांबले, असेही म्हणता येत नाही. ते विड्या ओढीत, आणि त्यांच्या वडिलांनाही हाच विकार होता. शेकडो माणसांबद्दल खरे ठरणारे विधान एका माणसाच्या मृत्यूला चिकटविणे हा तर्काचा दुरुपयोग होय. त्यांचा रक्तदाब मात्र कोणीतरी वेळेवर मोजावयास हवा होता.

येथे काही मंडळी म्हणतील की हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते. चरकाने कुष्ठाच्या विचारात तीन दोषांबरोबर त्वचा, रक्त, मांस आणि लसीका हेही दूषित होतात असे म्हटले आहे, आणि रोग कातडीपुरता नाही ही दृष्टी त्यात निश्चित आहे. तिचा आदर करावा. पण दृष्टी असणे वेगळे आणि टी-पेशी ठाऊक असणे वेगळे. ही सरमिसळ केल्याने चरकाचा मान वाढत नाही.

उपचारांविषयी मी डॉक्टरांच्या पाटावर बसणार नाही. मात्र काही गोष्टी घरोघर माहीत असाव्यात. मेथोट्रेक्सेट सोरायसिसमध्ये आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चिठ्ठी नीट न वाचता ते रोज घेतले गेल्याने माणसे दगावलेली आहेत. म्हणून घरात वार ठरवून दिनदर्शिकेवर खूण करावी. स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊन एकदम बंद केल्या तर चट्ट्यांच्या जागी पुवाचे फोड अंगभर उसळू शकतात, आणि 'खात्रीलायक' म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत पुष्कळदा तेच स्टेरॉइड मिसळलेले असते. तीव्र स्टेरॉइडची मलमे तर साबणासारखी खरेदी होत असत. २०१८ मध्ये भारत सरकारने अशा चौदा मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. जासुदांना अडविणारी नवी, टोचून घ्यावयाची औषधे इकडेही मिळतात. अॅडालिमुमॅबची जगातील पहिली समतुल्य आवृत्ती २०१४ मध्ये अहमदाबादच्या कंपनीनेच बाजारात आणली. पण ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरला अडविले की शरीरात निजलेला क्षय जागा होऊ शकतो. आपल्या देशात असा निजलेला क्षय अगणित लोकांच्या अंगी असतो, म्हणून ही औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी अनिवार्य आहे. आणि सोरायसिस असलेल्याने त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना सांध्यांची, नखांची आणि टाचेची तक्रारही सांगावी. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि कमरेचा घेर वेळोवेळी मोजून घ्यावा. वजन उतरले तर चट्टेही पुष्कळदा कमी होतात.

२०१४ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सोरायसिसवर खास ठराव केला आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर अहवाल काढला. त्यात रोगाइतकाच भर रुग्णांना मिळणाऱ्या वागणुकीवर आहे. पुस्तिका शाळेची आहे, म्हणून शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगून थांबतो. घसा बसून ताप येऊन गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या मुलाच्या अंगावर पावसाच्या थेंबांएवढे लाल, कोंडा धरलेले ठिपके एकाएकी उमटतात. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या घशातील संसर्गानंतर येणारा सोरायसिसचा हा एक प्रकार असून बहुधा तीन-चार महिन्यांत तो आपोआप ओसरतो. काहींत मात्र पुढे टिकतो. घशावर डॉक्टरांचा इलाज व्हावा. घसा बरा झाल्यावर त्या ठिपक्यांसाठी मुलाला घरी बसविण्याची किंवा मधल्या सुट्टीत वेगळे जेवावयास सांगण्याची गरज नाही. प्रसाद वाटावयासही त्याला उभे करावे.